पाळीआधीचा त्रास आणि जीवनसत्त्वं-खनिजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस चिडचिड, विनाकारण रडू, पोट फुगणं, छाती जड होऊन दुखणं, गोड-खारट खाण्याची ओढ. यावर औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन डझनभर गोळ्या मिळतात. त्यांपैकी साध्या, स्वस्त कॅल्शियमच्या गोळीमागे बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. बी-६ आणि मॅग्नेशियमचा अर्धामुर्धा आहे, बाकीच्यांचा त्याहून कमी. खालची उत्तरं त्याच हिशेबाने लहानमोठी झाली आहेत.

माझा त्रास पाळीआधीचाच आहे, हे नक्की कसं कळेल?

तारखांवरून. त्रास कोणता आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी जातो हे महत्त्वाचं. पाळीच्या आधीच्या पाच-सात दिवसांत (काहींना दोन आठवडे आधीपासून) सुरू होतो, रक्तस्राव सुरू झाला की चार दिवसांच्या आत ओसरतो आणि त्यानंतर किमान आठवडाभर बाई पूर्ण बरी असते. हा मधला बरा आठवडा नसेल, म्हणजे महिनाभर उदास वाटतं आणि पाळीआधी ते वाढतं असं असेल, तर मूळ दुखणं वेगळं आहे: नैराश्य, थायरॉईड, रक्त कमी असणं, अर्धशिशी. तिथे कॅल्शियम घेत बसण्यात वेळ जातो.

आठवणीवर विसंबू नका. चांगले दिवस आपण विसरतो, वाईट लक्षात राहतात. दोन महिने रोज रात्री नोंद करा.

नोंद कशी ठेवायची? मोबाइलमधलं अ‍ॅप चालेल का?

चालेल, पण भिंतीवरचं कालनिर्णय जास्त टिकतं असा अनुभव आहे. रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. आपल्याला सर्वात जास्त छळणारी पाचच लक्षणं निवडा, वीस नकोत. वीस लिहायला घेतलेल्या बायका नवव्या दिवशी थांबतात. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण: ० म्हणजे नाही, १ म्हणजे जाणवतं, २ म्हणजे कामात अडथळा, ३ म्हणजे काम होतच नाही. पाचांची बेरीज त्या तारखेच्या चौकटीत लिहायची. त्या दिवशी दुखण्याची गोळी, झोपेची गोळी, जागरण, उपास असं काही असेल तर शेजारी एक अक्षर.

दोन पाळ्यांनंतर पाळीआधीच्या सात दिवसांची बेरीज आणि दिवस ६ ते १२ ची बेरीज शेजारी मांडा. पहिली दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी हवी. संशोधनात किमान ३० टक्क्यांची वाढ धरतात, पण खरा त्रास असेल तर आकडा त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि बेरीज न करताही दिसतो.

गोळ्या सुरू करायच्या त्या यानंतर. आधीच सुरू केल्या तर तुलना करायला काही उरत नाही.

मग सुरुवात कशाने करायची?

कॅल्शियमने. एका वेळी एकच गोष्ट, तीन पाळ्या. चार डब्या एकदम उघडल्या आणि बरं वाटलं, तर चारपैकी कोणती लागू पडली ते कळत नाही आणि चौघींचा खर्च कायमचा मागे लागतो.

कॅल्शियमच का? ते तर हाडांसाठी असतं ना?

१९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सुसान थिस-जेकब्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवर मिळून एक चाचणी केली. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम एका गटाला, हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी दुसऱ्या गटाला, सलग तीन पाळ्या. ४६६ जणींच्या नोंदी हिशेबात धरल्या. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियमवाल्यांचे लक्षणांचे एकूण गुण ४८ टक्क्यांनी उतरले, निष्क्रिय गोळीवाल्यांचे ३० टक्क्यांनी. मनाची चिडचिड, अंगावरची सूज, खाण्याची ओढ आणि वेदना, चारही गटांतल्या लक्षणांत फरक पडला.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. नुसत्या खोट्या गोळीनेही ३० टक्के आराम पडला होता. म्हणून मैत्रिणीला एखाद्या डबीने ‘महिन्याभरात फरक पडला’ यावर आम्ही फारसा भार देत नाही. या दुखण्यात कशानेही पहिल्या महिन्यात थोडं बरं वाटतं. कॅल्शियमचं श्रेय त्या तिसाच्या वरच्या अठरा टक्क्यांचं. ते चमत्कार म्हणावेत इतके नाहीत, पण खरे आहेत. शिवाय पहिल्या पाळीत दोन्ही गटांत फरक नव्हता, तो दुसऱ्या पाळीपासून दिसू लागला. एका महिन्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणाऱ्या बायका उपयोग सुरू होण्याच्या तोंडावर सोडतात.

कारण काय असावं? पाळीच्या चक्रात इस्ट्रोजेन वर-खाली होतं तसं शरीराचं कॅल्शियम सांभाळणारे हॉर्मोनही हलतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की दिसणारी लक्षणं आणि पाळीआधीची लक्षणं बरीच मिळतीजुळती आहेत. यंत्रणा पूर्ण उलगडलेली नाही, परिणाम मात्र मोजलेला आहे.

पाकिटावर १२५० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे एकच गोळी पुरे?

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. १२५० मिलिग्रॅम हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे. त्यातलं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. पाकिटाच्या मागे ‘एलिमेंटल कॅल्शियम’ या शब्दांपुढे जो आकडा असतो तोच धरायचा. कॅल्शियम सायट्रेटमध्ये हेच प्रमाण २१ टक्के: १००० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे २१० मिलिग्रॅम कॅल्शियम. दोन गोळ्यांची किंमत तुलना करताना हा हिशेब आधी करा, नाहीतर ‘हजारवाली’ गोळी ‘पाचशेवाली’पेक्षा अर्धीही नसते.

याच गणितावरून आणखी एक गोष्ट कळते. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मावायला सव्वा ग्रॅमची जाडजूड गोळी लागते. म्हणून ‘बायकांसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका छोट्या मल्टीव्हिटॅमिन गोळीत किंवा गोडगोड गमीत ते असूच शकत नाही. मागचा तक्ता वाचा, बहुतेकदा शंभर-दोनशेच्या आत असतं.

नेमकं कसं घ्यायचं?

५०० मिलिग्रॅम एलिमेंटलची एक गोळी दुपारच्या जेवणानंतर लगेच, एक रात्रीच्या जेवणानंतर. रोज, महिनाभर, पाळी चालू असतानाही. पाळीआधीच्या आठवड्यापुरती घेऊन भागत नाही, चाचणीतही ती रोजच दिली होती. उरलेलं जेवणातून येऊ द्या.

दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका. एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमच्या पुढे आतडं शोषणाचा वेग कमी करतं. कार्बोनेट जेवणानंतरच, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर आम्लच कमी असतं. अशांनी सायट्रेट घ्यावं, ते उपाशीपोटीही चालतं.

कार्बोनेटने बद्धकोष्ठ आणि गॅस होतो. पोट फुगणं हीच मूळ तक्रार असेल तर हा विनोद कोणालाच आवडत नाही. पहिले दहा दिवस रात्रीची एकच गोळी घ्या, पाणी वाढवा, तरी त्रास झाला तर सायट्रेटवर जा.

कोणी घेऊ नये?

मुतखडा होऊन गेलेल्यांनी, किडनीचा आजार असणाऱ्यांनी, पॅराथायरॉईडचा दोष किंवा रक्तात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांनी, डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इतरांसाठी अन्न आणि गोळी मिळून दिवसाची वरची मर्यादा २५०० मिलिग्रॅम. दोन गोळ्यांनी ती गाठली जात नाही, पण प्रवाळपिष्टी, शंखभस्म, मुक्ताशुक्ती हीसुद्धा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. वैद्यांकडची पुडी चालू असेल तर ती हिशेबात धरा आणि डॉक्टर-वैद्य दोघांनाही एकमेकांचं औषध सांगा.

गोळीऐवजी जेवणातून भागणार नाही का?

बऱ्याच अंशी भागतं, आणि भागत असेल तर उत्तमच. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या, अनेक वर्षं चाललेल्या पाहणीत (निष्कर्ष २००५ मध्ये आले) ज्यांच्या आहारात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर होतं त्यांना हा त्रास जडण्याचं प्रमाणच कमी आढळलं.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी कॅल्शियमची शिफारस रोज ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. आता थाळीत पाहू. २०० मिलिलिटर दूध म्हणजे साधारण २४०. दीडशे ग्रॅमची वाटीभर दही म्हणजे २०० च्या आसपास. ४० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी म्हणजे जवळपास १४५. दहा ग्रॅम तीळ म्हणजे सव्वाशेच्या वर. एवढ्यात सातशे गाठले, वरण-भाजीचे शंभर-दीडशे वेगळे. म्हणजे ज्या घरात नाचणी, तीळ आणि दही रोज आहे तिथे एक गोळी पुरते. पोहे, चपाती, भात, बटाटा आणि दोन कप चहातलं चमचाभर दूध एवढ्यावर दिवस जात असेल तर दोन लागतात.

काही बारकावे. तीळ अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. भाजून कुटून चटणी करा, लाडवातही अर्धे कुटलेले घाला. पालकात कॅल्शियम दिसतं पण ऑक्झलेटने ते बांधून ठेवलेलं असतं, अगदी थोडं अंगी लागतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला किंवा मेथी बरी. पातळ ताकात तेवढंच कॅल्शियम जेवढं त्यात दही, ग्लास मोठा असून उपयोग नाही. कोकणात आणि गोव्यात काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे मात्र फार चांगले: मुठभर मोतके किंवा सुका जवळा जेवणात असेल तर काम होतं, फक्त सुक्या मासळीचं मीठ आधी धुऊन काढा, नाहीतर अंगावरची सूज वाढायची.

उपासाच्या दिवसांत त्रास जास्त जाणवतो. योगायोग?

बहुधा नाही. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नाही, कॅल्शियम नगण्य. सकाळी खिचडी, दुपारभर चहा, रात्री पुन्हा खिचडी असा दिवस पाळीआधीच्या आठवड्यात आला तर साखर झपाट्याने वर-खाली होते, चिडचिड आणि डोकेदुखी वाढते. दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, दुधातला वऱ्याच्या तांदळाचा भात असा उपास करता येतो.

बी-६ बद्दल खूप वाचलं. ते का मागे ठेवता?

कारण त्याचा फायदा अंधुक आहे आणि तोटा स्पष्ट.

बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, मेंदूत सिरोटोनिन तयार होताना लागतं, त्यामुळे मनाच्या लक्षणांवर त्याचा उपयोग व्हावा ही अपेक्षा रास्त आहे. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये नऊ चाचण्या एकत्र करून, एकूण ९४० स्त्रियांचा आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा की रोज १०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने फायदा होत असावा, पण त्या चाचण्यांचा दर्जा बेताचाच होता. त्यानंतरही चित्र फारसं पालटलेलं नाही.

आता दुसरी बाजू. शरीराची रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅम आहे. १९८३ मध्ये सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. ते रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेत होते आणि त्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा बाद झाल्या होत्या: पाय बधिर, अंधारात तोल जाणं. पुढे त्याहून खूप कमी मात्रेतही, महिनोन्‌महिने घेतल्यावर, मुंग्या आल्याच्या तक्रारी दिसत गेल्या. म्हणून मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ती २०२३ मध्ये १२ वर आणली. ब्रिटनची आरोग्यसेवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय १० च्या वर घेऊ नका म्हणते.

आमचं मत: कॅल्शियमच्या तीन पाळ्या होऊनही मनाची लक्षणं छळत असतील, तर डॉक्टरांना सांगून रोज ५० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, जास्तीत जास्त तीन पाळ्या. फरक दिसला नाही तर बंद. १०० वर जाऊन पाहू, असं स्वतःच्या मनाने करू नये.

बी-६ घेताना काय चुकतं?

बेरीज. एक बी-६ची गोळी, एक ‘बी कॉम्प्लेक्स’, हातापायाला मुंग्या येतात म्हणून कोणी दिलेली ‘नसांची गोळी’, शिवाय प्रोटीन पावडर. चारहींत पायरिडॉक्सिन असतं. गंमत अशी की नसांसाठी म्हणून घेतलेली तीच वस्तू जास्त झाली की नसांना बाधते, मुंग्या वाढतात, आणि बाई अजून एक गोळी वाढवते. सगळ्या पाकिटांवर ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड’ शोधा आणि आकडे एका कागदावर मांडा.

तळव्यांना किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या, जळजळ, चप्पल पायात आहे की नाही ते न कळणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. थांबवल्यावर काही आठवडे लक्षणं आणखी वाढू शकतात, मग उतरतात. त्या वाढीला घाबरून पुन्हा सुरू करू नका. फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन चालू असेल तर जास्त मात्रेतलं बी-६ त्यांचं रक्तातलं प्रमाण कमी करू शकतं, तिथे हा प्रयोग नकोच.

मॅग्नेशियमचा उपयोग कोणाला?

अंग सुजल्यासारखं वाटणं, अंगठी घट्ट होणं, वजनाचा काटा दोन दिवसांत किलोभर सरकणं, ही तक्रार मुख्य असेल त्यांना. १९९८ च्या एका छोट्या ब्रिटिश चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियमने दुसऱ्या महिन्यात ही लक्षणं कमी झाली, मनाच्या लक्षणांवर फरक पडला नाही. २००० साली त्याच मात्रेबरोबर ५० मिलिग्रॅम बी-६ देऊन पाहिलं तेव्हा बेचैनीच्या लक्षणांवर थोडासा परिणाम दिसला. सगळ्या चाचण्या लहान आहेत, हे लक्षात असू द्या.

मात्रा २०० मिलिग्रॅम, पुन्हा एलिमेंटलच. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ते ६० टक्के असतं पण शोषलं कमी जातं आणि जुलाब होतात. ग्लायसिनेट पोटाला सौम्य, पण त्यात मॅग्नेशियम फक्त १४ टक्क्यांच्या आसपास: पाकिटावर १००० असेल तर हाती १४० लागतं. रात्री झोपण्याआधी घ्या. शौचास पातळ होऊ लागलं की मात्रा जास्त झाली, इतकं सोपं मोजमाप दुसऱ्या कुठल्या गोळीला नाही. गोळ्यांतून दिवसाला ३५० च्या वर जाऊ नये. किडनी कमजोर असेल तर अजिबात नको.

रक्तातलं मॅग्नेशियम तपासून काही साधत नाही, शरीरातल्या एकूण साठ्याचा एक टक्काही रक्तात नसतो. भोपळ्याच्या बिया, तीळ, शेंगदाणे, बाजरी हे त्याचे घरगुती साठे.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी घेते. ती लागू पडेल?

तपासणीत कमतरता निघाली असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, कारण ड नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही. पण कमतरता नसताना केवळ पाळीआधीच्या त्रासासाठी घेण्याला ठोस आधार नाही.

धोका वेगळाच आहे. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एक, आठ आठवडे, अशी लिहून देतात. चिठ्ठीवर ‘आठवडे’ लिहिलेलं असतं आणि घरी ती दोन वर्षं चालू राहते. कधी तर रोज एक घेतली जाते. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं ही जास्त झाल्याची खूण. आठवडे मोजा, संपलं की थांबा. कॅल्शियमच्या गोळीतले २५० युनिट मात्र निश्चिंत घ्यावेत.

लोहाचा यात काही संबंध?

थेट कमी, आडून बराच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक जणींना. थकवा, धाप, डोकं जड, कशात लक्ष न लागणं हे सगळं रक्त कमी असल्यानेही होतं आणि पाळीआधी जास्त बोचतं. म्हणून हिमोग्लोबिन, शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) या तपासण्या डबी विकत घेण्याआधी कराव्यात. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तपासण्यांचे पैसे वाचवा.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, एकमेकांच्या वाटेत येतात. दोघांत दोन तासांचं अंतर हवं. चहाही लोहाला अडवतो.

थायरॉईडची गोळी, लोह, कॅल्शियम, सगळंच आहे. दिवस कसा बसवायचा?

सकाळी ६ ला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. अर्ध्या-पाऊण तासाने चहा-नाश्ता. ११ ला लोह, लिंबूपाण्याबरोबर. दीडला जेवण आणि त्यावर कॅल्शियम. रात्री जेवणानंतर दुसरं कॅल्शियम. थायरॉईडच्या गोळीनंतर लोह आणि कॅल्शियमसाठी किमान चार तास सोडायचे असतात, ते यात बसतात. अकराचा चहा मात्र साडेबाराला ढकलावा लागेल. यावर ऑफिसातल्या बायकांचा सर्वात जास्त विरोध असतो.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक पाच-सात दिवस आलं तर तेवढे दिवस कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह थांबवणं सर्वात सोपं. डॉक्टरांना सांगून थांबवा.

ई जीवनसत्त्व, प्रिमरोझ तेल, झिंक?

ई: चेहऱ्याला फोडून लावतात तीच हिरवी ४०० ची कॅप्सूल. छातीच्या दुखण्यावर जुन्या छोट्या चाचण्यांत थोडा फायदा, नंतरच्यांत संमिश्र. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर नको.

प्रिमरोझ तेल: महाग, लोकप्रिय, आणि नीट केलेल्या चाचण्यांत निष्क्रिय कॅप्सूलपेक्षा सरस ठरलेलं नाही.

झिंक: थोड्या लहान चाचण्या आशादायक. रोज ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

परदेशात ‘चेस्टबेरी’ देतात, ती म्हणजे आपली निर्गुंडी ना?

नाही. एकाच कुळातल्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. चाचण्या भूमध्य समुद्राकाठच्या जातीच्या फळांच्या अर्कावर झाल्या, आपल्याकडे सांध्यांना शेकायला वापरतो ती निर्गुंडी दुसरी. एकीचा गुण दुसरीला लावू नये.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतला तर?

हा सल्ला मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यात कॅल्शियम असतंच. पण दाण्याएवढ्या चुन्यातून फार तर पंचवीस-तीस मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे ज्या दह्यात तो कालवला त्या दह्याच्या दोन-तीन चमच्यांइतकं. उलट तो जळजळीत अल्कली आहे, घसा आणि अन्ननलिका पोळते, आणि बाजारातला चुना खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. दही खा, चुना राहू द्या.

आम्ही शाकाहारी आहोत. या गोळ्या चालतील?

पाकीट वाचा. आपल्याकडची बरीच कॅल्शियमची गोळी शिंपल्यांपासून केलेली असते, ‘ऑयस्टर शेल’ असं लिहिलेलं असतं. खडकातून काढलेलं कार्बोनेट किंवा सायट्रेट मागा. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलापासून येतं, आणि मऊ कॅप्सूलचं आवरण अनेकदा जिलेटिनचं असतं.

गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. त्या महिन्याची नोंद धरायची का?

सोडून द्या. ती गोळी म्हणजे नोरेथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हॉर्मोन. छाती जड होणं, पोट फुगणं, मन उदास होणं हे तिचेच परिणाम असू शकतात. तो महिना कॅल्शियमच्या खात्यावर मांडला तर बिचाऱ्या कॅल्शियमवर उगाच ठपका येतो. कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा, हिशेबात एक पाळी पुढे सरका.

मुलगी पंधराची आहे. तिला द्यायचं का?

दूध, दही, नाचणी, तीळ वाढवा, आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच गिळते का ते पाहा. जास्त मात्रेतलं बी-६ तिला देऊ नका; या चाचण्या प्रौढ स्त्रियांवर झालेल्या आहेत.

गरोदर राहायचा विचार आहे.

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा. मल्टीव्हिटॅमिनमध्ये रेटिनॉलच्या रूपात अ जीवनसत्त्व किती आहे ते पाहा. दिवसाला १०,००० युनिटच्या वर गर्भाला धोका असतो. बाकी सगळं डॉक्टरांसमोर ठेवा.

तीन पाळ्या झाल्या, पुढे काय?

तक्ता काढा. पाळीआधीच्या सात दिवसांची बेरीज सुरुवातीच्या निम्म्यावर आली असेल तर कॅल्शियम चालू ठेवा, पाहिजे तर सहा महिन्यांनी एक पाळी बंद करून पाहा. थोडाच फरक असेल तर वर सांगितल्याप्रमाणे मॅग्नेशियम किंवा बी-६, एक-एक करून. काहीच नसेल तर पाकिटं बदलत बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे यावर चांगले उपाय आहेत: सिरोटोनिन वाढवणारी औषधं, जी काहींना पाळीआधीच्या दोनच आठवड्यांत दिली तरी चालतात, विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या, समुपदेशन. जीवनसत्त्वांपेक्षा त्यांचा पुरावा भक्कम आहे, आणि नैराश्याच्या गटातली गोळी लिहून दिली म्हणजे कोणी वेडी ठरत नाही.

कधी अजिबात थांबू नये?

दर महिन्याला त्याच दिवसांत जगू नये असं वाटतं, राग इतका अनावर होतो की स्वतःला किंवा लेकराला इजा होईल अशी भीती वाटते, नोकरी किंवा संसार त्या आठवड्यात मोडकळीला येतो, तर तीन पाळ्यांचा प्रयोग बाजूला ठेवा. हा त्रासाचा तीव्र प्रकार असू शकतो, त्याला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना तो कालनिर्णयचा कागद बरोबर न्या.